जागा शिल्लक नाही

सकाळी ऑफिसात आल्यावर ओला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून बावोने सर्व्हरचं पान उघडलं, पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली. प्रवेश नाकारला. बोटं घसरली असतील म्हणून त्याने तो पुन्हा टाकला, या खेपेला एकेक अक्षर मनात म्हणत, शाळेतल्या पोराने शुद्धलेखन लिहावं तसं. पुन्हा तेच. इतकी वर्षं हाच पासवर्ड. तो त्याच्या बोटांनाच पाठ होता, डोक्याला विचारला असता तर कदाचित सांगताही आला नसता. छातीत काहीतरी किंचित सरकलं, जिना संपला हे न कळून आणखी एका पायरीसाठी पाय टाकावा तसं. हसण्यासारखी गोष्ट होती. एक यंत्र, ते त्यानेच विकत आणलेलं, त्यानेच तळघरात बसवलेलं, आणि ते म्हणतंय मी तुला ओळखत नाही. त्याने हात मांडीवर पुसले. तेवढ्यात वरच्या मजल्यावर पहिला फोन वाजला, मग दुसरा, आणि पहिला थांबायच्या आत तिसरा. काय झालं असावं ते त्याला वरच्या खुर्च्यांच्या आवाजावरूनच कळलं. घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करणाऱ्या नर्सेसची ही संस्था, आणि सकाळच्या या वेळेला संस्थेच्या सगळ्या नर्सेस बेल्जियममधल्या गेंट शहराच्या गल्ल्यांतून सायकलींवर पसरलेल्या असायच्या. कुणाकडे जायचं, दाराबाहेरच्या किल्लीच्या पेटीचा आकडा काय, पट्टी कुठे बांधायची, औषध किती, हे सगळं त्यांच्या फोनवर यायचं ते तळघरातल्या त्या पेटीतून. आता त्यांच्या हातात नुसत्या चकाकणाऱ्या पाट्या उरल्या असणार.

तळघरात ओल होती. गेल्या महिन्यात गवंडी येऊन भिंत खरवडून नवा गिलावा देऊन गेले होते आणि त्या नव्या चुन्याचा आंबूस वास अजून गेला नव्हता. बावोने सर्व्हरला पडदा आणि कीबोर्ड थेट जोडला आणि प्लॅस्टिकच्या खोक्यावर बसला. पेटी एकच, पण तिच्या पोटात आणखी सहा यंत्रं चालत. ती खरी नव्हती, लोखंड-तारा असं त्यांना काही नव्हतं, तरी प्रत्येकाला आपण स्वतंत्र यंत्र आहोत असंच वाटायचं. एक पगाराचं, एक टपालाचं, एक नर्सेसच्या फेऱ्यांचं. सहाच्या सहा जागच्या जागी थिजली होती. मेली नव्हती. शेवटचं वाक्य अर्धवट बोलून तोंड उघडं ठेवून थांबली होती. आणि पडद्यावर पुन्हापुन्हा एकच ओळ उमटत होती: जागा शिल्लक नाही. तेव्हा त्याला जरा हायसं वाटलं. पासवर्ड चुकला नव्हता. ज्या डिस्कवर पेटीचा स्वतःचा संसार होता ती काठोकाठ भरली होती, इतकी, की कुणी आलं तर ‘आला’ एवढी नोंद करायलाही तिला कोपरा नव्हता. म्हणून ती येणाऱ्या प्रत्येकाला नाही म्हणत होती.

“बावो, जिवंत आहेस ना?” जिन्यावरून वेर्लाचा आवाज आला, मागोमाग तिचे लाकडी बूट. वेर्ला नर्सेसची प्रमुख. बोलायला लागली की भिंतीला कान असते तर भिंतीनेही ते झाकून घेतले असते. “माझ्या पोरी रस्त्यात उभ्या आहेत भिजत. एकीने तर मला विचारलं, आज सुट्टी समजू का. किती वेळ?”

“बघतोय.”

“बघतोय म्हणजे माझ्या भाषेत किती?”

“बघतोय म्हणजे बघतोय, वेर्ला.”

“बरं बाबा. मी पाठ असलेली घरं फोनवर सांगत सुटते. पण माझं डोकं म्हणजे काही तुझी ही पेटी नव्हे. आणि हिचंही काय झालंय ते दिसतंच आहे.” ती वर गेली. तिच्या बुटांचा आवाज बराच वेळ डोक्यावरून इकडून तिकडे फिरत राहिला.

भरलेली डिस्क म्हणजे भरलेलं घर. काय आहे ते शोधायचं, नको असलेलं फेकायचं. अशी कामं त्याने कितीतरी केली होती आणि मनातून त्याला ती कधीच आवडली नव्हती. शोधायला तो वाकबगार होता, फेकायची वेळ आली की मात्र हात जड व्हायचा. घरी माळ्यावर बंद पडलेले फोन, सुटलेल्या तारा आणि मुलगी लूव्हेनला शिकायला गेल्यापासून तिच्या खोलीत कुणी न हलवलेल्या वस्तू. बायको म्हणायची, तू गेल्यावर मला ट्रक बोलवावा लागेल. त्याने जुन्या नोंदी काढून टाकल्या. यंत्र दिवसभर स्वतःशी जे पुटपुटतं ते सगळं लिहून ठेवतं, त्यातलं गेल्या वर्षीचं पुटपुटणं गेलं. चिमूटभर जागा झाली. पगाराचं यंत्र एक श्वास घेऊन हललं, ती चिमूट त्याने क्षणात गिळली, पुन्हा थिजलं. मग त्याने एकेका फोल्डरचं वजन घ्यायला सुरुवात केली. हे एवढं, ते तेवढं, हे नगण्य. सगळ्याची बेरीज केली आणि तो पडद्याकडे बघत राहिला. बेरीज डिस्कच्या निम्म्यालासुद्धा पोचत नव्हती. डिस्क शपथेवर सांगत होती की मी भरलेय, आणि प्रत्येक खोली उघडून बघितली तर निम्म्याहून जास्त घर रिकामं. त्याने पुन्हा मोजलं. कधीकधी एखादी फाइल मिटवलेली असते पण कुठल्यातरी प्रोग्रामने ती अजून मुठीत धरलेली असते, म्हणून ती दिसत नाही आणि जागाही सोडत नाही. तेही पाहिलं. कुणाच्याच मुठीत काही नव्हतं.

त्याचा उजवा पाय हलायला लागला होता. टाच जमिनीला न टेकवता, एकसारखा. हे त्याला बापाकडून आलेलं. बाप, आखील, रविवारी अंगणात असाच बसायचा, स्टुलावर, मान वर, पाय हलत, आणि ढगांत एक ठिपका शोधत. शर्यतीची कबुतरं फ्रान्समध्ये कुठेतरी पहाटे सोडलेली असायची आणि ती लेडेबर्ग या उपनगरातल्या त्यांच्या घराच्या वीतभर अंगणातल्या खुराड्याकडे परत यायची. का यायची, हा प्रश्न बापाने कधी विचारला नाही. तो फक्त वाट बघायचा. बावो शेजारी उकिडवा बसायचा आणि त्या दोन-तीन तासांत बाप त्याच्याशी बोलायचा, आकाशाकडे बघतच. वाऱ्याबद्दल, मग गिरणीतल्या भांडणाबद्दल, मग एकदा, अगदी अचानक, स्वतःच्या बापाबद्दल. आठवड्याचे उरलेले दिवस तो जेवताना मीठ मागण्यापुरतंच तोंड उघडायचा. म्हणजे बाप त्याला मिळाला तो रविवारचा, आणि मान वर केलेला. बाप गेला त्याच्या पुढच्या आठवड्यात, खुराडं साफ करायचं, दाणा टाकायचा म्हणून बावो सायकलवरून गेला तर अंगणभर पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या, आणि वाऱ्याने फुगलेल्या चादरी. त्या बाजूला सारत तो खुराड्यापर्यंत गेला. जाळीचं दार सताड उघडं, आत एक पीस नाही, फरशीसुद्धा घासून धुतलेली, साबणाचा वास येत होता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तोंडात कपड्यांचा चिमटा. शेजारच्या गास्टनने माना मुरगळल्या, ती म्हणाली, चिमटा काढून. सूप केलं का, विचारायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याऐवजी तो ओरडला. काय ओरडला ते आता त्याला नीट आठवतही नव्हतं, इतकंच आठवत होतं की शेजारची खिडकी उघडली गेली आणि आईने चिमटा परत तोंडात धरला. नंतर नाताळ आला तेव्हा त्याने फोन केला नाही. तिनेही नाही. मग ईस्टर. एकदा सोडलं की पुढचं सोडणं सोपं जातं, कुणालाच काही ठरवावं लागत नाही. लेडेबर्गवरून जाणारा रस्ता त्याने आपोआप टाळायला सुरुवात केली, ट्रामसुद्धा दुसरी धरायचा, आणि स्वतःला सांगायचा की ही बरी पडते.

“बावो!” वेर्ला जिन्याच्या मध्यावरच थांबली होती, हातात फोन, तळव्याने झाकलेला. चेष्टेचा सूर गेला होता. “झालं का काही? एक लफडं होऊन बसलंय. लेडेबर्गला एक म्हातारी दार उघडत नाहीये. सेवदा बाहेर उभी आहे. पत्रं टाकायच्या फटीतून तिने पाहिलं तर म्हणे जिन्याच्या पायरीवर बसलीय, भिंतीला टेकून. हाका मारल्या तर ओ देत नाही. किल्लीच्या पेटीचा आकडा तुझ्या मशीनमध्ये. तिची रोजची नर्स रीटा असती तर प्रश्न नव्हता, ती ओळखते रीटाला. पण रीटाबाई टेनेरीफला उन्हात लोळतायत, फोन बंद. साखर उतरली असेल तर गेलीच म्हणायची. पोलिसांना सांगून दार फोडायला लावू का, एवढंच विचारायचंय. तुझं पाच मिनिटांत होणार असेल तर थांबते.”

“पाच मिनिटांत नाही होणार,” तो म्हणाला, आणि का कुणास ठाऊक, विचारलं, “नाव काय तिचं?”

“रुखीर्स. अलीडा रुखीर्स.”

पंख्यांची घरघर एकाएकी फार मोठी झाली. लग्न झालं तरी इकडे बायका माहेरचंच आडनाव लावतात, म्हणून वेर्लाला कधी कळलं नव्हतं, कळायचं काही कारणही नव्हतं. आणि बावोने यादी कधी उघडून पाहिली नव्हती. आजाऱ्यांची नावं बघायची नाहीत हा संस्थेचा नियम, आणि त्याने तो इतका पाळला होता की त्याला त्याचा अभिमानही होता. या पेटीची राखण करत तो रोज हिच्याजवळ बसत होता, हिचे पंखे साफ करत होता, आणि हिच्या आत रोज सकाळ-संध्याकाळ आईचं नाव येत होतं, जात होतं.

“तिला काय झालंय?”

“साखर. इन्सुलिन द्यायला जातो आम्ही, दोन वेळा.”

“कधीपासून?”

“ते मला काय विचारतोस? ते सगळं तुझ्या ह्या…” आणि त्याच्या तोंडाकडे बघून ती थांबली. “काय रे?”

“आई आहे ती माझी.”

वेर्ला उरलेल्या पायऱ्या उतरून खाली आली. मग फोन त्याच्यापुढे धरला. “बोल. सेवदा, ऐकतेस का? फोन स्पीकरवर टाक आणि त्या फटीत घाल. म्हातारीचा मुलगा आहे इकडे.”

“कुठला मुलगा?” सेवदाचा आवाज, नाव तुर्की पण चक्क गेंटच्या बाजारातला ठसका. “रीटा म्हणाली होती तिला कुणी नाही म्हणून.” मग पत्र्याचा खडखडाट, आणि एकदम एक वेगळीच शांतता. घराच्या आतल्या त्या बोळाची. बावोने ती ओळखली. लांबवर रेडिओ, घड्याळ, आणि बाहेरचे आवाज गुंडाळून ठेवणाऱ्या त्या जाड भिंती.

“आई,” तो म्हणाला.

त्याने फोन तोंडाजवळ ओढला.

“आई, मी बोलतोय.”

“मी कोण?” आवाज आला. बारीक, कोरडा, पण शुद्धीतला. वेर्लाने डोळे मिटून श्वास सोडला.

“बावो.”

“बावो कामावर असतो या वेळी.”

“कामावरूनच बोलतोय.”

“मग तू माझ्या दारात कसा?”

“मी दारात नाही. त्या मुलीच्या हातात फोन आहे. नर्स आहे ती.”

“नर्स रीटा आहे.”

“रीटा सुट्टीवर गेलीय, आई.”

“मला कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली, अगदी तो स्वतः म्हणायचा तसंच. “कोणीही येतं आणि म्हणतं नर्स आहे. पलीकडच्या गल्लीत गॅसवाला म्हणून आला आणि चमचेसुद्धा घेऊन गेला.”

“मावशी, तुमचे चमचे मला नकोत हो,” सेवदा फटीतून ओरडली. “माझ्याच सासूने दिलेले पडलेत तसेच!”

मग आई म्हणाली, “बावो, कबुतरांचं बोलायला फोन केलास का?”

वेर्ला पलीकडे वळली आणि तारा बघू लागली.

“नाही.”

“नक्की?”

“नक्की. आई, काही खाल्लंस का सकाळपासून?”

“सुई लागल्याशिवाय खायचं नसतं. एवढंही तुला माहीत नाही?”

“नव्हतं माहीत,” तो म्हणाला.

तिथे रेडिओवर कुणीतरी हसत होतं. मग कठड्याचं लाकूड करकरलं, सपाता फरशीवर घासल्याचा आवाज जवळ येत गेला, कुलूप फिरलं, आणि फोन फटीतून ओढला गेला तशी बोळाची ती शांतता तुटली. “उघडलं!” सेवदा म्हणाली. मग आतूनच, हळू आवाजात: “घामाघूम झालीय. हात थरथरतायत. साखर बघते, लागलं तर आधी गोड पाजते. पण पुढे इन्सुलिन किती ते मला कळायला हवं. ही एकदा दहा म्हणते, एकदा सोळा. मी अंदाजाने सुई टोचणार नाही हां, वेर्ला, सांगून ठेवते.”

“टोचू नकोस,” वेर्ला म्हणाली. “बसून राहा तिच्यापाशी.” आणि फोन खाली धरून बावोकडे पाहिलं.

तो पेटीकडे वळला. आता त्याचा पाय हलत नव्हता, पण डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, रीटा म्हणाली होती तिला कुणी नाही. आईने सांगितलं असणार तसं. कपात चहा ओतता ओतता, सहज. किंवा रीटाने विचारलं असेल, कुणाला कळवायचं, आणि आईने चिमटा तोंडात धरावा तसं तोंड मिटलं असेल. बघ, त्याने स्वतःला म्हटलं, पडद्याकडे बघ. भरलेली आहे. दिसत नाही. जे आहे ते आहे, नाहीतर डिस्क भरली नसती. म्हणजे मी बघतोय तिथे ते नाही. नजर पडद्यावरून घसरून भिंतीवर गेली, त्या नव्या फिक्या गिलाव्यावर, आणि तिला लागून उभ्या केलेल्या लोखंडी कपाटावर. गवंड्यांनी कामापुरतं ते कपाट ओढून खोलीच्या मधोमध आणून ठेवलं होतं. त्यात बॅकअपची पेटी. रोज रात्री सहाही यंत्रांची एकेक नक्कल तिच्यात जाऊन पडायची. गवंड्यांनी ड्रिलला जागा हवी म्हणून तिचा प्लग काढला होता आणि परत लावायला विसरले होते. पुढच्या सोमवारी त्यानेच वाकून तो लावला होता, पेटीचा हिरवा दिवा लागलेला बघितला होता आणि विषय संपला होता.

पण मधल्या रात्री? बॅकअपची पेटी बंद होती, तरी नक्कल करायचं काम वेळ झाली की उठलंच असणार. त्याला कुठे माहीत पलीकडे कुणी नाही. ज्या दारातून पेटीत जायचं ते दार म्हणजे याच डिस्कवरचा एक रिकामा फोल्डर. पेटी जोडलेली असली की त्या फोल्डरमध्ये पेटी दिसते, नसली की तो नुसता फोल्डर. कामाने मुकाट्याने सगळ्या नकला त्या फोल्डरमध्येच, म्हणजे इथेच, रचल्या असणार. आणि मग त्याने प्लग लावला तेव्हा पेटी येऊन त्या ढिगाच्या पुढ्यात उभी राहिली. त्या दिवसापासून तिकडे बघणाऱ्या प्रत्येकाला पेटीच दिसत होती, मागचा ढीग नाही. आणि उरलेल्या जागेत यंत्रं हळूहळू वाढत आज सकाळी काठाला टेकली.

त्याने बॅकअपची पेटी त्या फोल्डरपासून सोडवली. एक ओळ, एक बटण. मग पुन्हा तोच फोल्डर उघडला आणि ते सगळं तिथे होतं. मोठमोठ्या फायली, एकाखाली एक, त्या ओल्या आठवड्यातल्या. “सापडलं,” तो म्हणाला, पण इतक्या हळू की वेर्लाने काय म्हणून विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. पेटी परत जोडून तिच्यात यांच्यानंतरच्या नकला आहेत ना, धड आहेत ना, हे त्याने पाहिलं. एकेक. मग पुन्हा सोडवली. मिटवायची आज्ञा लिहिली आणि बोट बटणावर ठेवून तसाच बसला. कारण काही नव्हतं. या कुणालाच नको होत्या. तरी बोट दाबायला तयार होईना, एकदा गेलं की गेलं, उद्या कुणी विचारलं तर. कोण विचारणार होतं? वरच्या मजल्यावर फोन वाजत होते. लेडेबर्गच्या स्वयंपाकघरात एक अनोळखी मुलगी सुई हातात न घेता बसली होती. त्याने बटण दाबलं.

पंख्यांचा सूर बदलला. सहाही यंत्रांनी, त्याने एकेकाला उठवलं तसं, आपापलं अर्धवट वाक्य पुरं केलं. वरून कुणीतरी टाळी वाजवली. वेर्लाच्या हातातल्या फोनमधून सेवदा म्हणाली, “आलं आलं. रुखीर्स, अलीडा. चौदा. दहाही नाही, सोळाही नाही, मावशी, चौदा!” आणि मागून आईचा आवाज, “तेच तर मी म्हणत होते.”

त्याने पुढचे दोन तास खालीच काढले. पेटी नसेल तर नक्कल करूच नये अशी अट घातली, त्या रिकाम्या फोल्डरला कुलूप घातलं, सगळं पुन्हा तपासलं, आणि मग तपासलेलं तपासलं. शेवटी वेर्ला पावाचा एक तुकडा चावत खाली आली. “तू अजून इथेच? जा की.”

“एकदा रात्रीची नक्कल होईपर्यंत थांबावं म्हणतो.”

“बावो, मी बाई आहे, बावळट नाही. जा. परत बंद पडलं तर मी तिला एक लाथ घालीन, तेवढं तंत्रज्ञान मला येतं.”

पाऊस चिरचिरत होता. सायकलवर त्याचे गुडघे त्याच्या आधी निघाल्यासारखे चालत होते आणि मन मागे ओढत होतं. काय बोलायचं, हे तो वाक्यावाक्याने जुळवत होता आणि प्रत्येक सिग्नलला ते सगळं सांडत होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. बोळातून आत गेला तेव्हा आई टेबलापाशी बसून बटाटे सोलत होती. इतकी लहान कधी झाली? मानेची हाडं मोजता येत होती. तिने वर पाहिलं नाही.

“पाय पूस,” ती म्हणाली.

त्याने पाय पुसले. बसला. दुसरी सुरी खणात जिथे असायची तिथेच होती, ती घेऊन तोही सोलू लागला. दोघं बराच वेळ सोलत राहिली.

“चांगली आहे ती पोरगी,” आई म्हणाली. “तोंडाळ आहे. पण हात हलका.” मग, “तुझ्या त्या मशीनला काय झालं होतं? ती म्हणाली मशीन फुटलं.”

“फुटलं नव्हतं. भरलं होतं.” आणि मग तिला कळेल असं सांगायचा त्याने प्रयत्न केला. की चुकीच्या जागी सामान पडलं, आणि त्याच्यापुढे येऊन एक कपाट उभं राहिलं, म्हणून ते कुणाला दिसेना.

“मग काय केलंस?”

“कपाट सरकवलं. मागचं टाकून दिलं.”

“सगळं?”

“सगळं.”

“बघून टाकलंस, की न बघता?”

“बघून. एकेक.”

आईने हातातला बटाटा पाण्यात सोडला. “मी पण,” ती म्हणाली. “गास्टनला एकट्याला जमेना. त्याच्या हाताला तेव्हा संधिवात. मी एकेक धरून देत होते. गरम असतात रे. हातात घेतलं की छातीतलं धडधडतं ते तळव्याला लागतं.” सुरी थांबली होती. “मला ती कधीच आवडली नाहीत, बावो. चाळीस वर्षं. ती घाण, तो दाणा, आणि रविवारी अंगणात कपडा वाळत घालायचा नाही, पांढरं बघून पाखरू बिचकतं, उतरत नाही. सगळ्या जगाच्या चादरी रविवारी वाळायच्या, माझ्या सोमवारी. तुझ्या बापाला मी एकदाही बोलले नाही. तो गेला, आणि ती पाखरं संध्याकाळ झाली की येऊन फळीवर रांगेने बसायची आणि माझ्याकडे बघायची. मी चुकले असं मी म्हणणार नाही.”

“नको म्हणूस,” तो म्हणाला. “मला हे काही ठाऊक नव्हतं.”

“तू विचारलं नाहीस. तू ओरडलास.”

“हो.”

बाहेर कुणीतरी शीळ घालत गेलं. आईने पातेलं स्वतःकडे ओढलं, त्याने सोललेले बटाटे पाहिले, एकात राहिलेला डोळा सुरीच्या टोकाने काढला. तो उठायच्या बेतात होता की बसून राहायच्या, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. पायाची टाच पुन्हा सुटी झाली होती.

“संध्याकाळी तीच पोरगी येणार?” आईने विचारलं.

“तीच.”

“तिला सांग, सायकल आत घेत जा म्हणावं. सकाळी बाहेर ठेवून आली. या गल्लीत काही राहत नाही आता.”

“सांगतो.”

“आणि तू कशाने आलास?”

“सायकलनेच.”

“मग ती कुठे आहे?”

“बाहेर. भिंतीला लावलीय.”

आईने पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. “अरे, मग?” ती म्हणाली.

तो उठला. बाहेर पाऊस वाढला होता, सीट पार भिजली होती. त्याने सायकल उचलून उंबऱ्यावरून आत घेतली. अरुंद बोळात हँडल एकदा भिंतीला घासलं, चाकांतून पाणी निथळून फरशीवर काळ्या रेघा उठल्या, आणि आतून आई ओरडली की फडकं कोटांच्या खाली लटकवलंय, आधी चाकं पूस. त्याने जिन्याच्या कठड्याला सायकल टेकवली, दार लावून घेतलं आणि फडकं घेऊन खाली बसला.